सेलूच्या वाड्यात चार वर्षं उभी असलेली 2002 ची होंडा सिटी: घरी हात घालायचा तर कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सेलूला मामांच्या वाड्यात कडुलिंबाखाली 2002 ची 1.5 पेट्रोल होंडा सिटी चार वर्षांपासून उभी आहे. मामा ती तीस हजारांत द्यायला तयार आहेत. बॅटरी मेलेली, चारही टायर बसलेले, ब्रेक जाम, छताचा रंग उडालेला. सुटीच्या दिवशी अंगणात काम करून ती रोज सेलू-परभणी चालेल अशी करता येईल का? आणि सुरुवात रंगापासून करावी की इंजिनापासून?

करता येईल. गाडी निवडायला चांगली आहे. सुरुवात मात्र कागदांपासून करा. त्यानंतर ब्रेक, मग इंजिन थंड ठेवणारं पाणी आणि टायमिंगचा पट्टा, मग इंजिन सुरू करणं, आणि रंग सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडला की पैसे चुकीच्या जागी जातात. चकचकीत रंगाची, पण मे महिन्यात जिंतूर रोडवर वाफ सोडत उभी राहणारी गाडी कुणालाच नको असते.

ही सिटी भारतात 1998 च्या जानेवारीत आली आणि 2003 मध्ये तिच्या जागी नवी पिढी आली. इंजिन होंडाच्या D मालिकेतलं आहे: एक कॅमशाफ्ट, सोळा व्हॉल्व्ह, डिस्ट्रिब्युटर, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर. याच मालिकेची इंजिनं जगभरच्या सिव्हिकमध्ये बसली, त्यामुळे माहितीची टंचाई नाही. साध्या गोटी (सॉकेट) पान्यांच्या संचावर नव्वद टक्के काम होतं. आपल्या भागाचा मोठा फायदा पत्र्याचा आहे. MH-22 ची, आयुष्यभर परभणी-हिंगोलीतच राहिलेली गाडी कोकणातल्या गाडीपेक्षा पत्र्याने कितीतरी निरोगी असते. पण इथलं ऊन रबर, प्लास्टिक आणि वायरिंगचे टाके (सोल्डरचे जोड) खातं, आणि बोअरचं जड पाणी रेडिएटर खातं. म्हणून मराठवाड्यातली जुनी गाडी उभी करायची म्हणजे प्रामुख्याने रबर बदलणं आणि थंडाव्याची व्यवस्था नव्याने बसवणं. पत्र्याचं काम थोडकंच निघतं.

आधी कागद. 2002 च्या गाडीची पहिली पंधरा वर्षं 2017 मध्ये संपली. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, म्हणजे 2017 नंतर 2022 मध्येही एक व्हायला हवं होतं. ते झालं आहे का, हे एमपरिवहन या सरकारी अॅपवर बघा. झालं नसेल तर कारसाठी दरमहा 500 रुपये विलंब शुल्क चढत गेलेलं असतं, आणि 2025 पासून वीस वर्षांवरच्या कारचं नूतनीकरण शुल्कच 10,000 रुपये आहे. वर पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि एचएसआरपी (सुरक्षित नंबर) पाटी. हे सगळं मिळून गाडीच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतं, म्हणून भाव ठरवतानाच हा हिशेब मामांसमोर मांडा. हस्तांतरणाला फॉर्म 29 आणि 30 लागतात, नूतनीकरणाला फॉर्म 25. आरसी अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल तर फॉर्म 31. कर्जाचा बोजा दिसत असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 आधी मिळवा. आरसीच सापडत नसेल आणि मालकाचा पत्ता नसेल, तर गाडी कितीही चांगली असली तरी सोडून द्या.

पैसे देण्याआधी पत्रा तीन ठिकाणी तपासा. पहिली जागा पुढच्या काचेखालची जाळी. कडुलिंबाचा पाला तिथे कुजून निचऱ्याची भोकं बुजवतो आणि पावसाचं पाणी आत, पायाखालच्या पत्र्यावर उतरतं. गालिचा उचलून बोट दाबा. दुसरी जागा चाकांच्या कमानींची आतली घडी. काळी माती तिथे थापून बसते, ओल धरून ठेवते, आणि कोरड्या हवेतही पत्रा आतून कुजतो. तिसरी जागा दारांखालचा उंबरा आणि जॅक लावायच्या जागा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा: चांगला पत्रा खणखणतो, लांबी (पुट्टी) भरलेला थप्प वाजतो. उंबरा पोकळ असेल तर वेल्डिंगचं काम आहे, ते घरी करू नका आणि त्याचा खर्च किमतीतून वळता करा.

आता जॅक. काळ्या मातीच्या अंगणात, त्यातही पावसाळ्यात, जॅक एका बाजूने रुततो. जाड लाकडी फळी टाका, त्यावर जॅक आणि लोखंडी घोड्या (जॅक स्टँड). शहाबादी फरशीवर घोडी थेट ठेवू नका, फरशी तडकते. गाडीखाली शिरायचं ते दोन घोड्यांवर वजन गेल्यावर आणि गाडी हाताने हलवून बघितल्यावरच. विटांवर गाडी टेकवायची नाही.

ब्रेक जाम आहेत ते बहुधा मागच्या ड्रममध्ये. हँडब्रेक ओढून गाडी उभी केली की लायनर ड्रमला चिकटतात. ड्रमच्या तोंडावर आट्यांची दोन भोकं असतात. त्यांत 8 मिमीचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे घट्ट करत गेलं की ड्रम आपोआप बाहेर ढकलला जातो. हातोड्याने कडेवर मारलं तर कड तुटते. आत व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्या उचलून बघा. ओल दिसली तर सिलिंडर बदला, ते स्वस्त आहे. पुढे कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना काढून साफ करा आणि त्यांना ब्रेकचं सिलिकॉन ग्रीसच लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं, पिन पुन्हा जाम होते आणि एकाच बाजूचा पॅड झिजतो. चाकांपाशी येणारे रबरी नळ वाकवून बघा. बारीक चिरा दिसल्या तर चारही नवे घ्या.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून चार वर्षांचं जुनं ऑइल पूर्ण काढायचं. डॉट 3 किंवा डॉट 4 चा एक लिटरचा सीलबंद डबा पुरतो. मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करा आणि स्वच्छ ऑइल येईपर्यंत प्रत्येक चाकाचं काढा. इथे एक काळजी घ्या. पॅडल पूर्ण खाली दाबू नका, त्याच्याखाली दोन इंच जाडीचा लाकडी ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरच्या पुढच्या भागात, जिथे वर्षानुवर्षं सील पोहोचलेलं नसतं, तिथे गंज बसलेला असतो. पॅडल तळाला नेलं की सील त्यावर घासून फाटतं. कालपर्यंत बरा असलेला मास्टर सिलिंडर ब्लीड केल्यावर (जुनं ऑइल असं काढल्यावर) अचानक बसला, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

इंजिनाला हात लावताना बॅटरी सगळ्यात शेवटी जोडा. आधी एअर फिल्टरचा डबा उघडा. उंदरांनी तिथे तूर, ज्वारी, कापसाचे पुंजके साठवलेले असतात आणि शेजारचं वायरिंग कुरतडलेलं असतं. उघडी तार दिसली तर नुसती टेप गुंडाळून भागवू नका, टाका मारून वर श्रिंक नळी चढवा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये 5 ते 10 मिली इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी डाव्या पुढच्या चाकाच्या कमानीतून क्रँक पुलीच्या बोल्टवर गोटी लावून इंजिन हाताने फिरवा. हे इंजिन पुलीकडून बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. दोन पूर्ण फेऱ्या कुठेही न अडता झाल्या पाहिजेत. अडलं तर जोर लावू नका, आणखी ऑइल सोडा आणि दोन दिवस थांबा.

फेऱ्या मोकळ्या झाल्या की पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, बॅटरी जोडा आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. होंडाचा किमान आकडा 930 किलोपास्कल, म्हणजे अंदाजे 135 पीएसआय, आणि चार सिलिंडरांतला फरक 200 किलोपास्कलच्या आत. ही मोजणी तापलेल्या इंजिनावर आणि थ्रॉटल पूर्ण उघडून करायची असते, त्यामुळे थंड इंजिनावर आकडे थोडे कमी आले तरी घाबरू नका. एकच सिलिंडर फार कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा चिकटल्या आहेत, त्या चालवल्यावर सुटू शकतात. चढला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी असतील तर हेड गॅस्केटचा संशय घ्या.

टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारा पट्टा, न बदलता हे इंजिन सुरू करू नका. किलोमीटर कितीही कमी असोत, पट्ट्याचं वय झालेलं आहे, आणि तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. मग हेड उतरवावं लागतं आणि तीस हजारांची गाडी साठ हजारांची होते. वॉटर पंप याच पट्ट्यावर फिरतो, म्हणून पट्टा, पंप, टेन्शनर, कॅमचं सील आणि क्रँकचं पुढचं सील एकाच वेळी बदला. या सगळ्यात कष्टाचा भाग क्रँक पुलीचा बोल्ट आहे. काही मिस्त्री लांब पाना जमिनीला टेकवून स्टार्टर मारतात आणि बोल्ट सैल करतात. ती युक्ती इथे करू नका. हे इंजिन उलट फिरत असल्याने बोल्ट आणखी आवळला जातो. पुलीत 50 मिमीचा षट्कोनी खाचा आहे, त्यात बसणारं होल्डर मिळतं. ते लावा आणि बोल्टवर लांब दांडा वापरा.

पट्टा चढवताना कॅमच्या चाकावरची यूपी ही खूण वर आणि बाजूच्या दोन रेषा हेडच्या कडेशी समांतर हव्यात, क्रँकची खूण ऑइल पंपावरच्या बाणाशी. टेन्शनरचा बोल्ट सैल ठेवा, क्रँक घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून कॅमचं चाक तीन दाते पुढे न्या आणि मग टेन्शनर आवळा. स्प्रिंगला जेवढा ताण द्यायचा तेवढा ती देते, बोटाने ओढून जास्त ताण देऊ नका. नंतर हाताने सहा फेऱ्या फिरवा आणि खुणा पुन्हा जुळवून बघा. एक दात चुकला तरी गाडी सुरू होते, पण ताकद राहत नाही आणि दोष महिनोन्‌महिने इतरत्र शोधला जातो.

हेडवरचं झाकण उघडलंच आहे तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, बघा. D मालिकेत सहसा इनटेकला 0.18 ते 0.22 मिमी आणि एक्झॉस्टला 0.23 ते 0.27 मिमी फट असते. बॉनेटखाली स्टिकर असेल तर त्यावरचा आकडा अंतिम माना. ही मोजणी हेडचं तापमान 38 अंशांच्या खाली असताना करायची असते. एप्रिल-मेमध्ये परभणीत दुपारची हवाच त्याच्या वर असते, म्हणून हे काम पहाटे करा.

आता पाणी, आणि यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात. ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत पांढरा थर धरतात आणि इंजिनाचा ब्लॉक व हेड अॅल्युमिनियमचे असल्याने नुसत्या पाण्याने आतून गंजही चढतो. जुनं पाणी काढा. ते तांबूस निघालं तर 5 लिटर पाण्यात 100 ग्रॅम सायट्रिक अॅसिड विरघळवून भरा, हीटर गरमवर ठेवून इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालवा, थंड होऊ द्या, काढा आणि साध्या पाण्याने तीन-चार वेळा धुवा. (हे अर्थातच इंजिन पहिल्यांदा सुरू झाल्यानंतरचं काम.) अॅसिड रात्रभर आत ठेवू नका, ते अॅल्युमिनियमही खातं. शेवटची धुलाई आणि भरणी डिस्टिल्ड पाण्यानेच करा: निम्मं कूलंट, निम्मं पाणी. वरचा-खालचा होज, हीटरचे दोन नळ आणि थ्रॉटल बॉडीकडे जाणारे बारीक नळ सगळे नवे घ्या. रेडिएटरचं झाकणही नवंच हवं. मूळ झाकण साधारण 1.1 बार दाब धरतं, दाब धरला नाही तर पाणी लवकर उकळतं.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. तो ऐकू नका. थर्मोस्टॅट नसला की इंजिन हवं तेवढं तापत नाही, संगणकाला इंजिन थंडच वाटतं, तो जास्त पेट्रोल सोडतो, प्लग काळे होतात आणि अॅव्हरेज जातं. त्याचप्रमाणे फॅन थेट चालू करून ठेवणं हा इलाज नव्हे. फॅन लागत नसेल तर त्याचा स्विच, रिले आणि अर्थिंग तपासा.

पाणी भरताना हवा अडकते. थर्मोस्टॅटच्या घराजवळ ब्लीड बोल्ट असेल तर तो सैल करून फेस जाईपर्यंत पाणी वाहू द्या. मग झाकण उघडं ठेवून, हीटर गरमवर ठेवून, फॅन दोनदा लागेपर्यंत इंजिन चालवा आणि पातळी भरत राहा. आयडलला आरपीएम सतत वर-खाली होत असेल तर सेन्सर बदलण्याआधी पाण्याची पातळी बघा. आयडलच्या व्हॉल्व्हमधून पाणी फिरतं, तिथे हवा अडकली की नेमकं हेच होतं.

पेट्रोलबद्दल. चार वर्षांच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने ओल शोषलेली असते आणि ते तळाला पाण्यासकट वेगळं होतं. टाकी पूर्ण रिकामी करा, पंपाची जाळी बघा, फिल्टर बदला. आताच्या ई20 साठी 2002 चे रबरी नळ बनलेले नाहीत. टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे रबरी तुकडे इथेनॉल चालणाऱ्या, इंजेक्शनच्या दाबाच्या नळीने बदला आणि क्लिपाही नव्या लावा. टाकीच्या हवेच्या नळीत कुंभारीण माशीचं मातीचं घर असतं. ते राहिलं तर अर्ध्या तासाने गाडी गुदमरून बंद पडते आणि झाकण उघडलं की पुन्हा चालते.

पहिल्यांदा सुरू करताना इंजिन ऑइल 10W-30 घ्या. फिल्टरसह सव्वातीन लिटरच्या आसपास बसतं: तीन लिटर घालून पुढचं डिपस्टिक बघून घाला. प्लग काढलेलेच ठेवून, पेट्रोल बंद ठेवून, दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मगच प्लग 1.0 ते 1.1 मिमी फटीने बसवा आणि सुरू करा. गिअरबॉक्समध्ये होंडाचं एमटीएफ (गिअरबॉक्सचं खास ऑइल), सुमारे दोन लिटर, बाजूच्या भोकातून ओघळेपर्यंत. तिथे 90 नंबरचं जाड ऑइल भरण्याची इथे सर्रास सवय आहे. त्याने सिंक्रोनायझर नीट काम करत नाहीत आणि सकाळी पहिला-दुसरा गिअर अडतो.

गाडी चालू लागली की उन्हाळ्यात एक दोष हमखास डोकं काढेल. दुपारी परभणीच्या बाजारात तासभर उन्हात उभी केली, परत आलात, स्टार्टर फिरतो पण गाडी सुरू होत नाही. संध्याकाळी मात्र पहिल्या झटक्यात सुरू. हा दोष डॅशबोर्डखालच्या पीजीएम-एफआय (होंडाची इंजेक्शन यंत्रणा) मेन रिलेचा असतो. केबिन तापली की त्याच्या पट्टीवरच्या टाक्यांना केसाएवढ्या चिरा पडलेल्या असतात त्या उघडतात आणि पेट्रोल पंपाला वीज मिळत नाही. खूण अशी: चावी ऑन केल्यावर मागून दोन सेकंद पंपाची घरघर ऐकू यायला हवी, ती येत नाही. रिले काढा, डबी उघडा आणि सगळे टाके नव्याने मारा. जवळचा टीव्ही दुरुस्त करणारा हे पंधरा मिनिटांत करून देतो. पंपाची घरघर येत असूनही गाडी सुरू होत नसेल तर डिस्ट्रिब्युटरमधल्या इग्नायटरकडे वळा. तोही गरमीत बसतो. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ऑइल दिसलं तर त्याचं सील गेलंय.

सस्पेन्शनचे बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट आणि एक्सलचे बूट हे सगळं उन्हाने तडकलेलं असेलच. बूट फाटला पण जॉइंट वळणावर कटकट करत नसेल तर नवं ग्रीस आणि नवा बूट पुरेसा. टायरवर शेवटचे चार आकडे बघा: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी चार वर्षं एकाच जागी बसलेले टायर समृद्धीच्या तापल्या काँक्रीटवर नेऊ नका, चारही नवे घ्या. सुट्या भागांसाठी नवे रबर आणि सील कंपनीचे किंवा नामांकित बनावटीचे घ्या. दिवे, काचेची यंत्रं, दारांच्या मुठी जुन्या चालतात. सेलूहून त्यासाठी छत्रपती संभाजीनगर किंवा हैदराबाद गाठता येतं, कुर्ल्याच्या बाजारातूनही माल मागवता येतो. भंगारातून घेतलेला डिस्ट्रिब्युटर तुमच्या जुन्या डिस्ट्रिब्युटरशी प्लगच्या पिनांसकट जुळवून मगच पैसे द्या.

रंगाला हात लावा तो गाडी हजारभर किलोमीटर बिनतक्रार चालल्यावर. छत आणि बॉनेटवरचा वरचा पारदर्शक थर सोलून निघाला असेल तर पॉलिशने काही होत नाही, घासून नवा रंगच द्यावा लागतो. बाजू मात्र कंपाउंडने बऱ्यापैकी उजळतात. घरी कॉम्प्रेसरने मारायचा असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी ऊन चढण्याआधी, अंगणात पाणी शिंपडून धूळ बसवल्यावर. मे महिन्यात रंग पत्र्यावर पसरण्याआधीच वाळतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो, वर वावटळीची माती. पावसाळ्यात दमटपणाने वरचा थर दुधाळ होतो.

पहिलं इंजिन ऑइल 500 किलोमीटरवर बदला, कारण धुतलेला सगळा जुना गाळ त्यात उतरतो. त्याच वेळी चाकांचे नट 108 न्यूटन-मीटरला आवळा, पाण्याची पातळी थंड इंजिनावर बघा, ब्रेकच्या प्रत्येक जोडाखाली कागद धरून ओल तपासा आणि डाव्या चाकाच्या कमानीतून क्रँक सीलजवळ ऑइल झिरपत नाही ना, ते टॉर्चने बघा.